खुर्चीत तुरीचं पोतं

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा मी संस्कृतची एम.ए. होते आणि बेकार होते. या दोन गोष्टी एकाच दिवशी मिळतात, असं तुम्हीच वर्गात सांगायचात. तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, त्यामुळे विनोद झाला की नाही हे आम्हालाच हसून ठरवावं लागायचं. आता मला नोकरी आहे, बरीच वर्षं आहे. सेलूहून केळझरकडे जाताना कडुनिंबांच्या मागे एक बैठी इमारत दिसते, तो वृद्धाश्रम. मी त्याची व्यवस्थापिका. तुम्हाला वाटलं असेल, ही मुलगी कुठेतरी समास सोडवत बसेल. सोडवते की, पण फक्त द्वंद्व, आणि तेही दोन आजोबांमधलं, पंखा किती वेगानं फिरावा यावरून पेटलेलं. रोज सकाळी मी खोल्याखोल्यांतून विचारत फिरते, झोप लागली का, चहा झाला का, पोट साफ झालं का. या शेवटच्या प्रश्नाला इथे जो उत्साहानं प्रतिसाद मिळतो, तो तुमच्या वर्गात तुमच्या एकाही प्रश्नाला कधी मिळाला नाही. हे तुम्हाला कळवताना मला थोडं बरं वाटतंय.

आज दुपारी सेलूतल्या एका अंगणात उभी असताना मला एकदम तुमच्या पायाचा अंगठा आठवला. तो का आठवला, हे सांगायचं तर मागून सुरुवात करावी लागेल. खुर्च्यांपासून.

आमच्या आश्रमात चाकांच्या खुर्च्या फार आहेत. लोक आईवडिलांच्या स्मरणार्थ देतात. देण्यासारखं दुसरंही असतं, न्हाणीघरात धरायला दांडा, सकाळच्या घाईला एक जास्तीचं माणूस. पण दांड्यावर नाव लिहायला जागा नसते, आणि कामाला ठेवलेली बाई काही स्वतःच्या पाठीवर नाव लिहून घेणार नाही. खुर्चीला मात्र चांगली रुंद पाठ असते. तिच्यावर पांढऱ्या रंगात 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ' असं ठसठशीत येतं. संध्याकाळी सगळे प्रार्थनेला ओळीनं बसले की मागून पाहणाऱ्याला वाटावं, तालुक्यातले सगळे कैलासवासी आज हजर आहेत. आणि दिलेली वस्तू वापरात दिसावी लागते. दर पुण्यतिथीला देणाऱ्यांच्या घरचे येतात, खुर्चीला हार घालतात, फोटो काढतात, जिलबी वाटतात. खुर्चीत कुणीतरी बसलेलं असावं एवढी त्यांची साधी अपेक्षा, कारण रिकाम्या खुर्चीला हार घातला की घरच्या बायकांना रडू फुटतं. मग आम्ही कुणाला तरी बसवतो. ज्याला चालता येतं त्यालाही बसवतो. यात कुणाचंही मन वाईट नाही, बाई. म्हणूनच तर ते सुधारायला इतकं कठीण.

फोटोत सगळ्यांत चांगल्या दिसायच्या त्या आमच्या एक आजी. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये सरकी आणि रुईच्या धुरळ्यात उमेदीची सगळी वर्षं उभ्यानं काढलेल्या. रुंद कपाळ, पांढरेशुभ्र केस, आणि समोर कॅमेरा आला की आपोआप ताठ होणारी मान. सकाळी मी दारावरून गेले की आतून 'जय भीम, मॅडम' अशी हाक यायची, आणि मी उलट 'जय भीम' म्हटलं नाही तर दुसरी, जरा मोठ्यानं. आधी त्या फक्त पुण्यतिथीपुरत्या खुर्चीत बसायच्या, जिलबी खायच्या आणि उठून चालू लागायच्या. मग एकदा त्यांना ताप आला. बरेच दिवस रेंगाळला. ताप उतरला, पण खुर्ची उतरली नाही. जेवायला खुर्ची, आंघोळीला खुर्ची, प्रार्थनेला खुर्ची. त्यांची देखभाल करणाऱ्या मावशी (वयानं माझ्याएवढ्याच आहेत, पण इथे काम करणाऱ्या सगळ्या मावशीच) त्यांना हातानं भरवायच्या, विंचरायच्या, उचलून पलंगावर ठेवायच्या. "आजीले मी जमिनीले पाय लावू देत नाई," असं त्या पाहुण्यांना अभिमानानं सांगायच्या. आणि ते अक्षरशः खरं झालं. थंडी सुरू झाली तेव्हा आजींना उभं करायला गेलो, तर पाय ऐकेचनात.

कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमची ख्याती वाढत होती. संस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी वाचून दाखवलं की सबंध वर्षात आपल्या आश्रमात एकही वृद्ध पडलेला नाही. टाळ्या झाल्या. निजलेलं माणूस पडत नाही, आणि बसवून ठेवलेलंही सहसा पडत नाही. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. याला बाणेदारपणा म्हणू नका, माझ्या हातात कपांचा ट्रे होता.

मग आजींचा मुलगा आला. सेलूत त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, बायको अंगणवाडीत मदतनीस. हाताला अजून लोखंडाचा वास होता. माझ्यासमोर बसला नाही, आईच्या खुर्चीचा दांडा धरून उभाच राहिला.

"मॅडम, मायले घरी न्याचं हाय. घर बांधलं, तिची एक खोली काढली. पन संडास अंगनात हाय, अन् घरातून उतराले एक पायरी. दिवसा आमी दोघंबी नसतो. माय आपली आपन उठून जाऊन आली पायजे. तेवढं जमलं तं मी उद्या नेतो."

"अन् नाई जमलं तं?" आजींनी विचारलं.

तो आपल्या चपलेकडे पाहत राहिला. शेवटी आजींनीच त्याला सोडवलं.

"तं राहीन इथंच. फोटो तं चांगला येते माहा."

तो गेल्यावर मी कार्यालयात जाऊन काचेचं कपाट उघडलं. त्यात 'गुणवत्ता सुधार कार्यक्रमासाठी साधनसामग्री' असं नाव असलेला एक जाडजूड गठ्ठा आहे. वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थांचं नागपूरला प्रशिक्षण झालं, तिथे मिळालेला. गुळगुळीत कागद, वर्तुळं, बाण, आणि चित्रांतले सगळे म्हातारे गोरेपान, पायात पांढरे बूट. दिसायला चांगला म्हणून अध्यक्षांनी तो काचेआड ठेवला होता. 'साधनसामग्री' हा शब्द वाचून समितीनं तत्परतेनं आणखी दोन खुर्च्या स्वीकारल्या होत्या. मी तो गठ्ठा तुमच्या पद्धतीनं वाचला, आधी सूत्र शोधायचं, मग भाष्य, आणि भाष्यकारावरचा संशय शेवटपर्यंत सोडायचा नाही. भाष्य फार होतं. सूत्र निघालं ते एवढंसं. सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. एका माणसाची एकच गोष्ट घ्या, थोडी बदला, काय होतं ते पाहा, मग पुन्हा थोडी बदला. आणि पुढे बारीक अक्षरात, जिथे कुणी वाचत नाही तिथे लिहिलं होतं की यासाठी लागणारी सगळ्यांत मोठी सामग्री म्हणजे काम करणाऱ्याचा वेळ. मला ते पटायला उशीर लागला नाही. भरवणं लवकर होतं, जेवू देणं लांबतं. उचलून ठेवणं हे क्षणाचं काम, उठू देण्यात अर्धी सकाळ जाते. आमच्या मावशींकडे मायेची कमतरता नव्हती. थांबायला फुरसत नव्हती.

आणि थांबणं मी कुठल्याही गुळगुळीत कागदाच्या आधी पाहिलेलं आहे.

तुमचं स्वयंपाकघर. शनिवारची दुपार. श्लोकपाठाच्या स्पर्धेसाठी आम्ही दोघीतिघी पाटांवर बसलोय, तुम्ही समोर जमिनीवर पोळपाट मांडून पोळ्या लाटताय. मी म्हणते आहे आणि मध्येच अडते. शब्द जिभेच्या मागे कुठेतरी आहे. तुम्ही मान वर करत नाही. लाटणं थांबतं, तेवढंच. तव्यावरची पोळी करपायला लागते, घरभर वास होतो, तरी तुम्ही शब्द देत नाही. शेवटी शेजारची मुलगी न राहवून पुढचं अक्षर कुजबुजते, आणि तुम्ही तिच्याकडे पाहता. "तिचं आठवायचं काम तू का केलंस?" आवाज चढलेला नाही. पण ती मुलगी पाटासकट मागे सरकते. (ती पुढे वकील झाली. अजूनही मध्ये बोलते, आता त्याचे पैसे घेते.) करपलेली पोळी तुम्ही मला वाढलीत, वर साजूक तूप घालून. "ही तुझ्या विसरण्याची," म्हणालात. अशी चविष्ट शिक्षा मला पुन्हा कुणी केली नाही.

तर मी ठरवलं. एक माणूस, आजी. एकच गोष्ट, सकाळच्या चहाला पलंगापासून ओसरीपर्यंत स्वतःच्या पायांनी येणं. मेडिकल कॉलेजातून आठवड्यातून एकदा एक फिजिओथेरपीची मुलगी यायला लागली. तिनं पाय दाबून, वाकवून पाहिले आणि म्हणाली की ताकद येईल, पण तुम्ही येऊ दिलीत तर. मी मावशींना नियम सांगितला. आजींच्या अगदी जवळून चालायचं, पण हात मागे. आजींनी मागितला किंवा त्या खरंच पडायला लागल्या, तरच हात पुढे.

"मंग मी पगार कायचा घेते, मॅडम?" मावशी म्हणाल्या. "हात मागं बांधून हिंडाचा?"

"हो."

"पाहनारे म्हनतीन, बुढी लटपटून राह्यली अन् हे मागून पाटलासारखी फिरून राह्यली."

"म्हणू द्या."

"तुमाले काय होते म्हनू द्या म्हनाले. तुमी हापिसात बसता. मले तिच्या तोंडाकडं पाहा लागते."

हे खरंच होतं, म्हणून मीही सकाळी कार्यालयात बसणं बंद केलं आणि त्यांच्यासोबत मागे चालू लागले. मावशींना हात आवरेनात तेव्हा त्यांनी ते पदरात गुंडाळून घेतले. आजींना उभं राहायलाच इतका वेळ लागायचा की ओसरीवर चहा निवून दुसरा ठेवावा लागे. पहिले काही दिवस त्यांनी मला मनापासून शिव्या घातल्या. "या मॅडमनं संस्कृत शिकली, दया नाई शिकली," असं त्या पलीकडच्या पलंगावरच्या आजींना ऐकवायच्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं. मला ते वाक्य आवडलं. तुम्हालाही आवडलं असतं, तुमच्याबद्दल आमच्या वर्गात साधारण हेच मत होतं.

बाई, आजींची चाल म्हणजे मंदाक्रान्ता. तिला यति लागतात. एका दमात ओळ संपवायला लावली तर मोडते. म्हणून वाटेत जिथे जिथे त्यांचा श्वास भरून येतो तिथे तिथे मी लाकडी खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या, साध्या, चार पायांच्या, कुणाच्याही स्मरणार्थ नसलेल्या. त्या तिथे टेकायच्या, दम घ्यायच्या, पुढचा चरण उचलायच्या. पायरीचा सराव करायचा होता, तेव्हा फिजिओथेरपीवाल्या मुलीनं काहीतरी जाड, सपाट वस्तू मागितली आणि मावशी थेट माझ्या टेबलावरचा कोश घेऊन आल्या. तोच, तुम्ही मला दिलेला, पाठ निखळलेला, पानोपानी तुमच्या पेन्सिलीच्या खुणा असलेला. मी हिसकावून घेण्याआधीच आजींनी कानाला हात लावला. "पुस्तकावर पाय? नाई बाप्पा. त्यापेक्षा मी बसूनच राहीन." शेवटी गोणपाटात गुंडाळलेल्या विटांवर काम भागलं. तुमचा कोश अजून कामाला येतो, एवढं कळवण्यासाठी हे लिहिलं. काय काम, ते विचारू नका. उन्हाळ्यात तो खिडकी धरून ठेवतो.

अध्यक्षांना हे सगळं कळलं तेव्हा ते स्वतः आले. माणूस वाईट नाही. आश्रमाच्या छपरासाठी त्यांनी स्वतः लोकांची दारं झिजवलेली आहेत.

"पडली तर जबाबदारी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"लिहून देता?"

"देते. संस्कृतात दिलं तर चालेल?"

ते हसले. ते हसले की काम निम्मं होतं. मी उरलेलं निम्मं लगेच मागून घेतलं. न्हाणीघरात दांडे हवेत, आणि सकाळच्या वेळी आणखी एक मावशी हवी, म्हणजे प्रत्येकीला थांबता येईल. "बघू," म्हणाले. बाई, तुम्ही आम्हाला दहा लकार शिकवलेत, पण 'बघू' हा त्यांतल्या कशातच बसत नाही. भविष्यकाळ नाही, आज्ञार्थ नाही, आशीर्वाद तर नाहीच नाही.

आणि मग आजी पडल्या. टेकायची खुर्ची समोर होती, हात पुढे केला आणि पाय मागे राहिला. बसकण मारल्यासारख्या फरशीवर आल्या. मावशींचे हात पदरातून निघेपर्यंत झालं होतं. मावशी रडायला लागल्या, दोघे आजोबा पंख्याचं भांडण सोडून धावत आले, धावत म्हणजे आमच्या मानानं. मी खाली बसले. आजींनी आधी आपला पाय हलवून पाहिला, मग दुसरा. मग सगळ्यांकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू ही गर्दी त्यांच्या खोलीत न विचारता शिरली आहे.

"उचलू नका मले," त्या म्हणाल्या. "हे चाकाची खुर्ची सरकवा इकडं. अन् हलू देऊ नका तिले."

मावशींनी खुर्चीचे ब्रेक लावून ती धरली. आजी गुडघ्यावर आल्या, खुर्चीचे मागचे दोन दांडे धरले, आणि फार वेळानं, फार कण्हत, उभ्या राहिल्या. तशाच उभ्या राहिल्या. मग ब्रेक काढायला सांगून खुर्ची एक वीत पुढे ढकलली आणि तिच्यामागे एक पाऊल टाकलं. खुर्ची हलकी असल्यानं पुढे पळायला बघत होती, म्हणून मावशी स्वयंपाकघरातून तुरीचं पोतं घेऊन आल्या आणि तिच्यात बसवलं. जड झाल्यावर ती निमूट चालू लागली. डॉक्टरांनी तपासलं, हाड शाबूत होतं. फिजिओथेरपीवाली मुलगी दोन दिवसांनी आली, तिनं तो रथ पाहिला, मावशींनी बाजूनं चालत ब्रेकजवळ राहायचं एवढी अट घातली आणि आपल्या मोबाइलवर फोटो काढून घेतला. अध्यक्षांनी मात्र फोनवर सांगितलं की आता पुरे. वर्षभराची ख्याती एका सकाळीत गेली होती. मी म्हटलं, उद्या आपण समोरासमोर बोलू. उद्या ते तसेही येणारच होते, कारण उद्या त्या खुर्चीची पुण्यतिथी होती.

हिंगणघाटचे व्यापारी, वडिलांच्या नावानं खुर्ची दिलेली. आले, सोबत बायको, सून, हार, जिलबीची पेटी. अध्यक्ष त्यांना घेऊन ओसरीवर उभे. मी आजींना सांगितलं होतं, की आज खोलीत थांबलात तरी चालेल, आपण दुसरी खुर्ची पुढे करू. त्यांनी ऐकून घेतलं आणि नेहमीच्या वेळेला निघाल्या. ओसरीच्या टोकाला आधी खुर्ची दिसली, तिच्यात ऐटीत बसलेलं तुरीचं पोतं, आणि त्याच्या मागे आजींचं रुंद कपाळ. हार हातात तसाच राहिला. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आमच्या बाबांच्या खुर्चीत पोतं?" व्यापारी हळूच म्हणाले. रागानं नाही. वाईट वाटून.

आजी थांबल्या. दम घेतला.

"तुमचे बाबा किरान्याचेच व्यापारी होते ना?"

"हो."

"मंग त्याइले पोतं अनोळखी नाई." पुन्हा दम घेतला. "मी बसत होती याच्यात. लय दिवस. नाव पाठीमागं, कधी पाह्यलंच नाई कोनाचं हाय तं. आता ढकलत जाते तं डोयासमोरच राह्यते. अक्षर अक्षर लावून वाचलं. चांगलं नाव हाय."

मग व्यापारी पुढे झाले, हार घालायला वाकले, आणि कुठे घालावा हे त्यांना कळेना. आजींनी हनुवटीनं पोत्याकडे खूण केली. सुनेला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग सगळेच हसले, व्यापारीसुद्धा, डोळे पुसत. पोत्याला हार घातला गेला. फोटोत आजी उभ्या आहेत. जिलबी खाताना व्यापाऱ्यांनी मला विचारलं की आश्रमाला आणखी काय हवं. मी म्हटलं, न्हाणीघरात दांडा. त्यांनी स्वाभाविक प्रश्न विचारला, नाव कुठे येईल. मी म्हटलं, समोरच्या भिंतीवर एक फरशी बसवू, दांडा धरून उभं राहणाऱ्याला रोज वाचता येईल अशी. घरी विचारून सांगतो म्हणाले. जाताना अध्यक्ष माझ्याजवळ थांबले. "चालू द्या," म्हणाले. हा लकार मला ओळखता आला.

पुढे हळूहळू खुर्ची सुटून हातात काठी आली, आणि आज दुपारी आम्ही आजींना घेऊन सेलूला गेलो. मुलानं पायरीच्या कडेला लोखंडी पाइपचा कठडा स्वतः वेल्ड करून लावला होता, त्यावर हिरवा रंग, अजून बोटांना चिकटणारा. त्याच्याकडे जास्तीचा पाइप होता, त्याचे आमच्यासाठी दांडे करून देतो म्हणाला. पण ते नंतर. आधी पायरी. आत जाताना मुलानं हात दिला होता, आता आजी एकट्याच कठडा धरून उतरल्या, काठी टेकत अंगणातून संडासापर्यंत गेल्या, परत आल्या. आता चढायचं होतं. तोंड घराकडे, ऊन पाठीवर. हात कठड्यावर, आणि पाय उचलेना. मुलगा पुढे झेपावला. मी त्याला म्हटलं, "हात मागे." एवढा उंच, लोखंड वाकवणारा माणूस, शाळेतल्या मुलासारखा हात मागे घेऊन उभा राहिला. मावशींचे हात पदरात गेले. मी आजींच्या मागे उभी. आत गॅसवर दूध उतू जायला लागलं, करपल्याचा वास अंगणापर्यंत आला, सून दारातच होती, ती वळली नाही. किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. मग पाय उचलला गेला. पायरीवर टेकला. दुसरा त्याच्यामागून आला.

आजी आपल्या खोलीतल्या खाटेवर बसल्या, सुनेनं उरलेल्या दुधाचा चहा आणला. मुलगा अंगणात उगाचच कठडा हलवून पाहत राहिला. आजींनी बशीतून एक घोट घेतला आणि मला म्हणाल्या, "सगळ्याइले हात मागं ठेवा म्हनता, मॅडम. तुमचा तं माह्या पाठीशीच होता."

मी म्हटलं, "छे. आणि तुम्हाला कसं कळलं? तुम्ही पुढे बघत होतात."

"ऊन मागून होतं ना. सावली पुढं पडली. पायरीवर तुमचा हात दिसून राह्यला होता मले, अस्सा." त्यांनी तळवा हवेत धरून दाखवला. "म्हनून तं पाय उचलला."

मला खरंच वाटत होतं की माझे हात मागे आहेत.

आम्ही परतलो तेव्हा खुर्ची ओसरीवर होती, पोतं अजून तिच्यात. आजींच्या पलंगाची चादर मावशींनी काढली आणि जरा वेळ हातात धरून बसल्या. मग विचारलं, "उद्या कोन?" मी म्हटलं, पंख्यावाले आजोबा, दोघांपैकी जे जास्त भांडतात ते, त्यांच्यात ताकद शिल्लक आहे. वेल्डिंगवाल्याकडून दांडे येईपर्यंत मी थांबणार नाही, आणि जास्तीच्या मावशीसाठी अध्यक्षांना 'बघू' पुन्हा म्हणू देणार नाही. हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्न नाही. काचेच्या कपाटात त्या गुळगुळीत गठ्ठ्यात ठेवून देते, शेवटी तेही साधनसामग्रीच.

राहिला अंगठा. तुम्ही अडलेल्याला शब्द देत नाही, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. पण लाटणं थांबलेलं असायचं त्या वेळात, साडीच्या काठाबाहेर आलेला तुमचा उजवा अंगठा फरशीवर हलायचा. लघु, गुरू, गुरू. शब्द नाही, नुसती अडलेल्या ओळीची चाल. तुम्हाला ते ठाऊक होतं का, हे मला कधी विचारता आलं नाही. बक्षीस मिळालं तेव्हा तुम्ही मुख्याध्यापकांना सांगितलंत, ही मुलगी अडते, पण आपलं आपण आठवते. मी मान खाली घालून उभी होते आणि सगळ्यांना तो विनय वाटला. बाई, मी तेव्हाही तुमच्या अंगठ्याकडेच बघत होते.